मोठ्या स्केलच्या मॉडेल रेल्वे नाशिकमधून घेताना: दुकान, दाम आणि फसगत यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठं स्केल म्हणजे नेमकं काय? खोक्यावर 'जी' लिहिलं की सगळं एकमेकांना जुळतं का?

जुळतो तो फक्त रूळ, आणि तोही बहुतेक वेळा. 'जी' म्हणून जे विकलं जातं, त्याच्या दोन रुळांमधलं आतलं अंतर ४५ मिमी असतं. त्या रुळावर धावणाऱ्या गाड्यांची प्रमाणं मात्र वेगवेगळी आहेत. न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ साली एलजीबी ही मॉडेल रेल्वे आणली ती १:२२.५ या प्रमाणात. आपल्या मीटरगेजचे १००० मिमी भागिले ४५ केले की २२.२ येतात, म्हणजे ही गाडी खऱ्या मीटरगेजची जवळपास अचूक प्रतिकृती ठरते. अमेरिकी नॅरोगेजची मॉडेलं १:२०.३ ची, यूएसए ट्रेन्स या कंपनीची स्टँडर्ड गेज १:२९ ची आणि मेर्कलिनचं 'गेज १' १:३२ चं. चारही एकाच रुळावर धावतील. पण १:२०.३ च्या इंजिनामागे १:३२ चा डबा लावला, तर तो बैलामागे बांधलेल्या शेळीसारखा दिसतो.

नाशिकरोडवरून जाणारं ब्रॉडगेज १६७६ मिमीचं आहे. ते ४५ मिमीवर बसवायचं तर प्रमाण १:३७ च्या आसपास येतं. त्या प्रमाणात तयार माल बाजारात नाही, त्यामुळे पंचवटी एक्सप्रेस हवी असेल तर ती बनवूनच घ्यावी लागते. माथेरान किंवा दार्जिलिंगची ६१० मिमीची गाडी हवी असेल, तर ३२ मिमी रुळावरचं १:१९ हे प्रमाण शोधा. तो वेगळा पंथ आहे आणि त्याचे रूळही वेगळे.

नाशिकमध्ये दुकानात जाऊन बघता येईल का?

कॉलेज रोडच्या आणि मेनरोडच्या खेळण्यांच्या दुकानांत मिळतात त्या बॅटरीवरच्या प्लॅस्टिक गाड्या. त्यांच्या खोक्यावरही कधीकधी 'जी' छापलेलं असतं. खिशात व्हर्निअर ठेवा आणि रुळांमधलं आतलं अंतर मोजा. ४५ मिमी भरलं नाही तर ते खेळणं पुढे कशालाच जोडता येणार नाही. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ४० मिमीच्या आसपास हवं. पुण्याला कोथरूडमध्ये लघु रेल्वेचं जोशी संग्रहालय आहे. ते पाहण्यासारखं आहेच, पण तिथलं काम एचओचं, म्हणजे १:८७ चं. मोठ्या स्केलचा आकार डोळ्यांत बसवायचा असेल तर घरी वर्तमानपत्राचे कागद चिकटवून १.२९ मीटर व्यासाचं वर्तुळ कापा आणि हॉलमध्ये पसरा. सुरुवातीच्या सेटमधलं सगळ्यात लहान वळण तेवढी जागा घेतं. बऱ्याच घरांत खरेदीचा विषय त्या कागदापाशीच मिटतो.

चांगला विक्रेता ओळखायचा कसा?

पैसे भरण्याआधी तीन प्रश्न लिहून पाठवा. एक: इंजिनात डीकोडर (डिजिटल आज्ञा समजून मोटर चालवणारं सर्किट) आहे का, आणि ते साध्या डीसीवर चालतं का? दोन: खोक्याची लांबी-रुंदी-उंची आणि वजन किती? तीन: या इंजिनाचे घर्षण-टायर (चाकांवरची रबरी कडी) आणि रुळातून वीज उचलणारे बूट सुटे मिळतात का? चांगला विक्रेता दोन-तीन दिवसांत तिन्हींची नेमकी उत्तरं देतो. 'सगळं नवीन आहे, काळजी नको' एवढंच उत्तर आलं, तर ते दुकान फक्त खोकी हलवतं असं समजा.

मग त्याचं बिल बघा. त्यावर मालाचा क्रमांक, प्रमाण आणि देश असायला हवा. युरोपातला विक्रेता भारतात माल पाठवताना तिथला व्हॅट कापतो की नाही हेही विचारा. जर्मनीत व्हॅट १९ टक्के आहे, पण तो किमतीत मिसळलेला असतो. म्हणून वजावट १९ टक्के नसते, ११९ मधून १९ म्हणजे जेमतेम १६ टक्के बसते. ब्रिटनमध्ये २० टक्के व्हॅट, म्हणजे किमतीचा सहावा भाग. काही दुकानं व्हॅट कापतच नाहीत. तिथे सूचीतला भाव स्वस्त दिसला तरी हिशेबात महाग पडतो.

दुकान कायमचं असेल असंही धरून चालू नका. ब्रिटनमधलं हॅटन्स हे १९४६ पासूनचं नाव, त्यांनी २०२४ च्या जानेवारीत दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. आगाऊ नोंदणीसाठी पूर्ण रक्कम मागणाऱ्यापेक्षा माल निघताना कार्डावर रक्कम घेणारा बरा.

बाहेरून मागवलं तर घरपोच किती पडतं?

आधी मालाची किंमत व्हॅटशिवाय काढा. तिच्यात वाहतूक आणि विमा मिळवा. सीमाशुल्क या बेरजेवर लागतं, नुसत्या मालाच्या किमतीवर लागत नाही. त्यावर आयजीएसटी बसतो, तोही शुल्क मिळवलेल्या रकमेवर. कार्डाचा परकीय चलन आकार बहुधा २ ते ३.५ टक्के असतो, आणि कुरिअरवाले कागदपत्रांचा आकार वेगळा लावतात.

उदाहरणादाखल जर्मनीत व्हॅटसह ४०० युरोचा सेट घेऊ. व्हॅट वजा जाता ३३६ राहतात. वाहतूक-विमा ९० धरला तर ४२६. सगळं शुल्क मिळून ५० टक्के धरलं तर आणखी २१३, आणि कार्डाचे १३. झाले ६५२, आणि यात कुरिअरचा आकार अजून आलेला नाही. ४०० चा सेट पाहून हुरळून जाऊ नका आणि ६५२ पाहून घाबरूही नका. तोच सेट भारतात कुणी ६२० ला देत असेल, तर मात्र त्याच्याकडूनच घ्या.

५० टक्के हा आकडा फक्त उदाहरणापुरता आहे. सीमाशुल्काच्या यादीत खेळणी आणि स्केल मॉडेलं ९५०३ या शीर्षाखाली येतात. तिथलं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. वैयक्तिक वापराच्या पार्सलसाठी ९८०४ हे वेगळं शीर्ष आहे आणि त्याचा दरही वेगळा. पार्सल कोणत्या शीर्षाखाली सोडवणार हे कुरिअर कंपनीला माल निघण्याआधी लेखी विचारा. अर्थसंकल्पानंतर दर बदलतात, तेव्हा फेब्रुवारीत मागवताना दोनदा बघा.

विक्रेता म्हणतो, बिलात किंमत कमी दाखवतो. घ्यावं का?

नको. पार्सल हरवलं किंवा फुटलं तर विमा दाखवलेल्याच किमतीचा मिळतो. इंजिनाच्या खऱ्या किमती सूचीवर सगळ्यांना दिसतात, त्यामुळे कस्टममध्ये मूल्य वाढवून शुल्क आणि दंड दोन्ही लागू शकतात. शिवाय पार्सल सोडवताना केवायसीसाठी आधार किंवा पॅन तुमचंच जातं.

आयएसआयच्या शिक्क्यावरून पार्सल अडतं का?

खेळण्यांच्या गुणवत्तेचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि तो १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. महाग मॉडेलांच्या खोक्यावर कंपनीने वरचं वय छापलेलं असतं. बिलात नुसतं 'टॉय ट्रेन' न लिहिता खोक्यावरचंच वर्णन, 'प्रौढ संग्राहकांसाठी स्केल मॉडेल' आणि ते वय, जसंच्या तसं लिहायला विक्रेत्याला सांगा.

वाहतुकीचा आकडा मालापेक्षा मोठा कसा निघतो?

कुरिअर खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जास्त असेल ते धरतो. बहुतेक जण सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५००० करतात. ८० × ५० × १५ चं सेटचं खोकं भरतं १२ किलोला, मग आत सहाच किलो असले तरी. यावरचा उपाय म्हणजे चित्रांचं मोठं खोकं टाळणं. इंजिन, दोन डबे आणि रूळ सुटे मागवले आणि दुकानाने घट्ट बांधले, तर आकारमान निम्म्यावर येतं. पण मूळ खोकं गेलं की पुढे विकताना किंमत पडते, हेही मनात असू द्या.

रूळ ३०० मिमीचे घेतले तर सांधणी वाढते. १२०० मिमीचे घेतले तर पार्सल 'लांब माल' ठरतं. ६०० मिमीचे तुकडे मधला मार्ग आहेत.

कुणी नातेवाईक जर्मनीहून येत असेल तर सामानातून आणणं स्वस्त पडतं. २०१६ च्या बॅगेज नियमांत शुल्कमाफीची सवलत ५०,००० रुपयांची होती. प्रवासाच्या दिवशी लागू असलेली मर्यादा बघून घ्या आणि बिल सोबत ठेवा. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत जात नाही, गॅसचा डबा तर मुळीच नाही.

सुरुवातीचा सेट घ्यावा की सुटं?

पहिल्यांदाच घेत असाल तर सेट. एलजीबीच्या सेटमध्ये साधारण एक इंजिन, दोन डबे, बारा वळणरूळ, ट्रान्सफॉर्मर आणि वेग नियंत्रक येतो. सुटं घेतलं तर बेरीज याच्या वर जाते. पण त्यातला नियंत्रक बहुधा एका अँपिअरच्या आसपासचा असतो. लहान चार-चाकी इंजिन अर्धा अँपिअर घेतं, धुराचं यंत्र आणि डब्यांतले दिवे लावले की संपलं. दोन मोटरींचं इंजिन त्यावर चालत नाही, आचके देतं, आणि लोक इंजिनाला दोष देतात.

अमेरिकेतून सेट आणताना एक घोळ नेहमीचा. तिथला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० मध्ये लावला की वास येतो आणि खेळ खलास. त्याच्या पाठीवर '१००-२४० व्होल्ट' छापलं नसेल तर तो तिथेच ठेवून यायला सांगा. जर्मन ट्रान्सफॉर्मर २३० चाच असतो, पण त्याची पिन बारीक, आपल्या पाच अँपिअरच्या सॉकेटमध्ये ढिली बसते. चांगला अडॅप्टर लावा. ढिल्या पिनेत ठिणगी पडते.

वीज इथेच घेता येईल का?

येईल, आणि बचत इथेच होते. एलईडीसाठी मिळणारा २४ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेचं डीसी करणारा डबा) आणि त्यापुढे पीडब्ल्यूएम, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणारा नियंत्रक, एवढ्यावर साधं डीसीचं इंजिन छान चालतं. डीकोडर असलेलं इंजिन या जोडणीला लावू नका, पीडब्ल्यूएमच्या तुकड्या-तुकड्यांच्या विजेत डीकोडर गोंधळतो. एसएमपीएसचं टर्मिनल उघडं असतं, तो घरातच झाकलेल्या डब्यात ठेवा. गच्चीवर फक्त २४ व्होल्टची वायर जाऊ द्या आणि एसएमपीएसला वीज देणाऱ्या २३० व्होल्टच्या सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच तोडणारा स्विच) लावा.

रूळ किती लागतील? सगळ्यात जास्त पैसा रुळावर जातो म्हणतात.

खरं आहे. आर-१ या सगळ्यात लहान वळणाची त्रिज्या ६०० मिमी, ३० अंशांचे १२ तुकडे म्हणजे पूर्ण वर्तुळ. दोन्ही बाजूंना ३०० मिमीचे आठ-आठ सरळ तुकडे टाकले की एकूण ८.५७ मीटर रूळ होतो आणि जागा लागते ३.७ बाय १.३ मीटर. बाजूला हात घालायला १५ सेंटिमीटर सोडा, म्हणजे गच्चीचा ४ बाय १.६ मीटरचा कोपरा. लांब डबे आणि मोठी इंजिनं आर-१ वर एकतर उतरतात, नाहीतर वळणावर इतकी बाहेर डोकावतात की बघवत नाही. त्यांना आर-३ लागतो. एलजीबीचा आर-३ जवळपास १.२ मीटर त्रिज्येचा आहे, १६ तुकडे. रुंदी पावणेतीन मीटर धरा.

इथे एक सापळा आहे. पिको या दुसऱ्या कंपनीचा आर-३ हा ९२० मिमीच्या आसपासचा. नाव तेच, वळण वेगळं. आकड्याच्या नावाने मागवू नका, त्रिज्येने मागवा.

रुळाची उंचीही विचारा. एलजीबी आणि पिकोचा पितळी रूळ कोड ३३२, म्हणजे ८.४ मिमी उंच. पेको या ब्रिटिश कंपनीचा कोड २५०, म्हणजे ६.३५. दोन्हींची थेट सांधणी होत नाही, बदलाची जोडपट्टी लागते आणि ती नेमकी मागवायची राहून जाते. ॲल्युमिनियमचा रूळ स्वस्त, पण त्यावरची ऑक्साइडची पापुद्री वीज अडवते. गाडीत बॅटरी आणि रिमोट बसवणार असाल तर मात्र तोच घ्या, कारण रुळातून वीज नेण्याची गरजच राहत नाही.

नाशिकच्या हवेत पितळ टिकेल का?

टिकेल, काळं पडेल. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर दर वेळी घासावं लागतं. डब्याखाली घासणीचा ठोकळा लावून दोन फेऱ्या मारल्या की पुरतं. पॉलिशपेपर वापरू नका, त्याच्या ओरखड्यांत धूळ बसते.

उन्हाचा हिशेब वेगळा आहे. पितळ दर अंशाला मीटरमागे ०.०१९ मिमी वाढतं. थंडीतली पहाट आणि एप्रिलमधला तापलेला स्लॅब यांत ४० अंशांचा फरक धरला, तर १० मीटर रूळ साडेसात मिमीने वाढतो. दर तीन-चार मीटरला अडीच-तीन मिमी फट ठेवा. दोन्ही टोकं सिमेंटात पक्की केलेला रूळ मे महिन्यात सापासारखा वळतो आणि लोक दुकानदाराला फोन करतात.

चढ किती ठेवता येईल?

५० ला १. तीन मीटर लांबीत सहा सेंटिमीटर. थळ घाटात खऱ्या गाडीचा चढ ३७ ला १ आहे आणि तिथे मागून बँकर इंजिन लावतात. तुमच्याकडे एकच इंजिन असेल तर घाटाशी स्पर्धा नको.

जुना माल घेताना काय बघायचं?

जुन्या मालात खरा फायदा आहे, कारण एलजीबीची रचना दशकानुदशकं फारशी बदललेली नाही. तळाशी 'वेस्ट जर्मनी' कोरलेलं असेल तर इंजिन १९९० च्या आधीचं. वयाला घाबरू नका, खालच्या गोष्टी तपासा.

इंजिन उलटं करून चाक बोटाने हलवा. थोडी खेळी चालते, पण दाते चढून उडी मारत असतील तर गिअर संपला. नायलॉनच्या गिअरला आसाजवळ तडा गेला की चाकाच्या दर फेऱ्याला 'टिक' असा आवाज येतो. विक्रेत्याकडून रिकाम्या रुळावरचा व्हिडिओ मागा, संगीताशिवाय. मग चाकांवरची झिलई. निकेलचा मुलामा जाऊन पितळ पिवळं दिसत असेल तर ते खूप धावलंय. घर्षण-टायर कडक झाले की चढावर चाक फिरतं आणि गाडी जागेवर, पण टायर स्वस्त आहेत. रुळावर घासणारे वीज उचलणारे बूट झिजून सपाट झाले असतील तर त्यांचाही खर्च धरा.

डबे घेताना चाकं प्लॅस्टिकची की धातूची ते विचारा. चार आसांचे सहा डबे म्हणजे २४ आस. स्वस्त डब्यांना नंतर धातूची चाकं बसवली की भाव बरोबरीला येतो.

किंमत ठरवताना मागणीचा भाव बघू नका. ईबेवर 'विकलेला माल' हा गाळणीचा पर्याय आहे, तिथे प्रत्यक्ष कितीला गेलं ते दिसतं. पाच-सहा विक्रींचा मधला आकडा धरा. भारतातलं ईबे २०१८ मध्ये बंद झालं, पण बाहेरच्या विक्रेत्याने भारतात पाठवायचं मान्य केलं तर खरेदी होते. प्लेमोबिल या खेळण्यांच्या कंपनीच्या जुन्या गाड्याही ४५ मिमीवर धावतात. मुलांसाठी आणि डब्यांच्या सांगाड्यांसाठी त्या फार स्वस्त पडतात, आणि फारसं कुणी त्यांच्याकडे बघत नाही.

कंपनी बंद पडली असेल तर?

त्यामुळे एलजीबीचं अडत नाही. लेहमान २००६ मध्ये दिवाळखोरीत गेली, २००७ मध्ये मेर्कलिनने नाव घेतलं, आणि सुटे भाग क्रमांकाने मिळतात. ॲरिस्टो-क्राफ्ट ही अमेरिकी कंपनी २०१३ मध्ये थांबली. तिचं इंजिन स्वस्तात दिसलं तर घ्या, पण त्याच मॉडेलचं एक मोडकं इंजिनही भागांसाठी सोबत घेता आलं तरच.

कधी मागवावं?

नोव्हेंबर-डिसेंबरात युरोपात नाताळची गर्दी, तेव्हा उत्तरंही उशिरा येतात. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी न्यूरेंबर्गच्या खेळणी मेळाव्यात नवी मॉडेलं जाहीर होतात आणि दुकानं जुना साठा उतरवतात. हाच बरा काळ. जुलै-ऑगस्टमध्ये मागवलंच, तर आतल्या खोक्याला प्लॅस्टिकचं वेष्टण घालायला सांगा. मुंबईच्या पावसातून आलेल्या ओल्या पुठ्ठ्यात इंजिनाचं काही बिघडत नाही, खोकं मात्र जातं.

पार्सल आल्यावर पहिलं काय करायचं?

पट्टी कापण्याआधी व्हिडिओ सुरू करा, चारही बाजू दाखवा, मग उघडा. इंजिनाला ९ व्होल्टची बॅटरी दोन वायरींनी डाव्या-उजव्या चाकांना लावा. साधं इंजिन संथपणे फिरायला लागतं. डीकोडरचं थोडं उशिरा जागं होतं, तेवढ्यावरून ते बिघडलंय असं ठरवू नका. काही तुटलं असेल तर माल परत पाठवण्याचा हट्ट नको. परतीचं भाडं आणि शुल्काची कटकट यापेक्षा विक्रेत्याकडून सुटा भाग पाठवून घेणं किंवा थोडी रक्कम परत घेणं सोपं, आणि चांगला दुकानदार त्याला लगेच तयार होतो.

वाफेवर चालणारं खरं इंजिन?

राउंडहाउस या ब्रिटिश कंपनीने दार्जिलिंगचं बी-वर्ग इंजिन वाफेवर चालणारं बनवलेलं आहे. किंमत आणि थांबण्याची तयारी, दोन्ही मोठ्या ठेवा. जळणासाठी ब्युटेन लागतो, तो विमानाने येत नाही, इथेच घ्या. बॉयलरसोबत दाब-चाचणीचं प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर जुना बॉयलर घेऊ नका.

नाशिकमध्येच काय बनवून मिळतं?

रूळ आणि मोटर सोडून बरंच काही. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत लेझर कटिंगवाले ॲक्रिलिकचे डब्याचे सांगाडे, पुलाचे गर्डर, स्टेशनच्या भिंती आकृतीवरून कापून देतात. एक नग परवडत नाही, चार मित्रांनी मिळून एकाच पत्र्यावर मांडणी करावी. आकृती मिलिमीटरमध्ये द्या आणि सोबत कागदी छाप ठेवा, कारण इंचाच्या फाइलचा डबा पंचवीस पट लहान निघतो.

आणि खडी. खऱ्या रेल्वेची खडी ५० मिमीची, २२.५ ने भागली की सव्वादोन मिमी. क्रशरवर जाऊन कच मागा, दोन चाळण्यांतून, आधी ४ मिमीच्या आणि मग दीड मिमीच्या, चाळून मधला माल ठेवा. पाण्यात धुऊन वाळवा, नाहीतर बारीक चुरा चाकांच्या दात्यांत शिरतो. इथला काळा दगड नाशिकरोडच्या रुळांखाली असतो तसाच, त्यामुळे रंग आपोआप जुळतो. परदेशी पाकिटातली खडी मागवणं म्हणजे गोदावरीच्या काठी बाटलीबंद पाणी विकत घेणं.

बंद असताना गाड्या कशा ठेवायच्या?

सांधे आणि रूळ गच्चीवर राहिले तरी चालतात. इंजिनं, डबे, नियंत्रक घरात. पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्यातून एकदा इंजिन पाच मिनिटं दोन्ही दिशांना चालवा, म्हणजे ग्रीस एका जागी घट्ट बसत नाही. फोम थेट रंगाला लागू देऊ नका. आपल्या उन्हाळ्यात तो वितळून चिकटतो, मग डब्यावर नक्षी उठते ती जात नाही. मधे साधा बटर पेपर घाला.